पाझर पुरे झाले!

कठोर माणसाचे प्रेम कसे रंगवावे, याची एक कृती आमच्या कथालेखकांनी बसवून टाकली आहे. एक खडूस माणूस घ्यावा. तो शक्यतो सावकार, फौजदार, हेडमास्तर किंवा कारखान्याचा मॅनेजर असावा. पहिल्या आठ पानांत त्याला चार माणसांवर ओरडू द्यावे आणि एका गरिबाला दारातून हाकलू द्यावे. नवव्या पानावर एक सात्त्विक बाई आणावी. तिच्या डोळ्यांत पाणी, हातात निरांजन आणि जमल्यास कडेवर एक अशक्त मूल असावे. दहाव्या पानावर मूल तापाने फणफणते, अकराव्या पानावर आमचे कठोर गृहस्थ रात्रभर त्याच्या उशाशी बसतात, आणि बाराव्या पानावर त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागते. दगडाला पाझर फुटला! वाचक डोळे टिपतात, लेखक मानधन घेतो आणि पुढल्या दिवाळीला तोच दगड नव्या जागी मांडतो.

या पाझराला माझा आक्षेप आहे. तो कंटाळवाणा आहे, एवढाच आक्षेप असता तर मी फराळाच्या ताटावर बसलेल्या वाचकांना तसदी दिली नसती. माझा आक्षेप असा की तो खोटा आहे, आणि त्या खोटेपणाची किंमत लेखक देत नाही. ती कोण देते, ते मी पुढे सांगणार आहे.

मी येथे त्रयस्थ साक्षीदार म्हणून उभा आहे, असा आव मात्र आणत नाही. माझा या प्रकरणात स्वतःचा दावा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका बेलिफाची प्रेमकथा लिहिली. दिवाणी न्यायालयाचा बेलीफ म्हणजे समन्स बजावणारा, हुकूमनामा घेऊन दारात उभा राहणारा, लोकांच्या घरातले सामान जप्त करून पंचनामा लिहिणारा माणूस. वीस-पंचवीस वर्षे हे काम केल्यावर माणसाचे काय होते? पाय धरणारे म्हातारे, अंगावर धावून येणारी तरुण पोरे, देव्हाऱ्याकडे हात करून शाप देणाऱ्या बायका, सगळ्यांचे सगळे ऐकून त्याच्या कानांना घट्टे पडतात. माझा बेलीफ असा होता. तो हसत नसे, कोणाच्या घरचे पाणी पीत नसे आणि 'माझा नाइलाज आहे' हे वाक्यही कधी उच्चारत नसे. नाइलाज बोलून दाखवणे ही त्याच्या मते लाच होती. समोरच्याच्या सहानुभूतीची लाच.

आता कायद्यातल्या दोन गोष्टी सांगतो. त्या रुक्ष वाटतील, पण माझी सगळी प्रेमकथा त्यांच्यावरच उभी होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साठावे कलम आहे. कर्जदाराचे काय काय जप्त करता येत नाही, याची त्यात यादी आहे: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, आणि कारागिराची हत्यारे. तसेच बासष्टावे कलम सांगते की जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्याही राहत्या घरात शिरता येत नाही.

माझा बेलीफ एका शिवणकाम करणाऱ्या विधवेच्या घरी जातो. भावाच्या कर्जाला ती जामीन राहिली होती, भाऊ परागंदा झाला, आणि हुकूमनामा तिच्यावर आला. बेलीफ कपाट लिहितो, भिंतीवरचे घड्याळ लिहितो, टेबलपंखा लिहितो. सावकाराचा माणूस शिवणयंत्राकडे बोट दाखवतो. बेलीफ म्हणतो, "ते यादीत येत नाही." माणूस हुज्जत घालतो. बेलीफ कलमाचा आकडा सांगतो आणि पुढचे लिहू लागतो. तिच्याकडे तो बघतसुद्धा नाही.

दोन महिन्यांनी तो कॉलर विरलेला सदरा घेऊन तिच्याकडे येतो. कॉलर उलटून शिवून मागतो. पैसे पुरे देतो आणि पावती मागतो. ती म्हणते, "आमच्याकडे पावती नसते." तो म्हणतो, "पावतीपुस्तक ठेवा. उद्या कोणी विचारलं तर तुमच्याजवळ कागद पाहिजे." ती पावतीपुस्तक आणते. असे सहा सदरे होतात. एका संध्याकाळी त्याला कोर्टातून निघायला उशीर होतो. तो तिच्या दारात पोचतो तेव्हा दिवस बुडालेला असतो. ती म्हणते, "आत या की." तो म्हणतो, "सकाळी येतो," आणि उंबरठ्याबाहेरूनच परत फिरतो. हातात जप्तीचा हुकूम नसतानाही त्याचे पाऊल आत पडत नाही. दुसऱ्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात जाते आणि चार वकिलांच्या देखत त्याला विचारते, "सूर्य उगवून चार तास झाले. अजून का नाही आलात?" येथे माझी कथा संपत होती.

संपादकांनी ती साभार परत केली. सोबतच्या पत्राचा मतितार्थ असा होता: बेलिफाचे मन द्रवलेले कोठेच दिसत नाही, त्याने जप्ती टाळावी, ते जमत नसेल तर आपल्या पगारातून तिचे कर्ज फेडावे, आणि एकदा तरी तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणावे, एरवी घरगुती वाचकाला हे प्रेम आहे हे कळणार कसे?

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. आज देतो.

त्या बेलिफाने जप्ती टाळली असती तर तो बेलीफ राहिला नसता. मग त्या बाईने प्रेम केले ते कोणावर? शेवटच्या पानावर जो द्रवलेला गृहस्थ उभा असतो, तो पहिल्या पानावरचा माणूसच नव्हे. लेखकाने मधल्या पानांत कठोर माणसाला गुपचूप मारून टाकलेले असते आणि त्याचे कपडे एका हळव्या माणसाला घातलेले असतात. हळव्या माणसाचे प्रेम लिहायचे असेल तर ते खुशाल लिहावे. तोही चांगला विषय आहे. पण मग पहिल्या आठ पानांत आम्हांला सावकार दाखवून फसवू नये.

मुळात 'दगड' ही उपमाच चुकीची आहे. दगडाला पूर्वायुष्य नसते. कठोर माणूस हा हातावर घट्टा पडावा तसा घडलेला असतो. घट्टा म्हणजे जिवंत कातडीच. जेथे रोजचे काम घासते तेथे ती जाड होते. माणसाचा घट्टा कोठे आहे हे कळले की तो कोणते काम करत आला, त्याला काय टोचत होते आणि काय वाचवायचे होते, हे कळते. लेखकाने पहिल्याप्रथम शोधायचा तो हा घट्टा. तो सापडला की त्या माणसाच्या प्रेमाची भाषाही सापडते, कारण तो प्रेम करणार ते त्याच कातडीने. बेलिफाची भाषा यादीची आणि पावतीची आहे. परिचारिकेची भाषा वेळेवर दिलेल्या औषधाची असेल, ट्रक-ड्रायव्हरची भाषा न बोलता तपासलेल्या टायरांची असेल. त्यांच्या तोंडी चांदण्यांची वाक्ये घालणे म्हणजे पैलवानाला भरजरी शालू नेसवण्यासारखे आहे.

हे मी परदेशी पुस्तके वाचून सांगतो आहे, असा कोणी आरोप करील, म्हणून आपल्या घरातलाच दाखला देतो. महाभारतात भीमाइतका राकट पुरुष दुसरा नाही. तो खातो फार, बोलतो तोडून, आणि क्षमा ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. विराटपर्वात पांडव अज्ञातवासात आहेत. भीम विराटाच्या घरी बल्लव नावाने आचारी झाला आहे आणि द्रौपदी सुदेष्णा राणीची सैरंध्री. कीचकाने भर सभेत तिला लाथ मारली आहे. त्या रात्री ती स्वयंपाकघरात जाऊन भीमाला जागे करते, आपले सारे दुःख सांगते आणि आपले हात त्याच्यापुढे धरते. एकेकाळच्या सम्राज्ञीच्या हातांना विराटासाठी चंदन उगाळून उगाळून घट्टे पडले आहेत. आणि तो भीम तिचे ते हात आपल्या तोंडाशी नेतो आणि रडतो.

"मग झाले की! तुमचा भीमही रडलाच!" असे माझे संपादकमित्र म्हणतील. होय, रडला. मी अश्रूंच्या विरुद्ध नाही, फुकटच्या अश्रूंच्या विरुद्ध आहे. भीम स्वतःच्या चांगुलपणाचे कौतुक वाटून रडलेला नाही. त्याने तिचे हात पाहिले. त्याला तिचे सौंदर्य दिसले नाही, तिचा घट्टा दिसला. त्याच्या स्वतःच्या हातांना गदेने पाडले होते तसेच ते होते. आणि रडून झाल्यावर तो साधू झाला नाही. पुढच्या रात्री नर्तनशाळेत त्याने कीचकाच्या देहाचा अक्षरशः गोळा करून ठेवला. अश्रूंच्या आधीचा भीम आणि नंतरचा भीम एकच आहे, आणि म्हणूनच त्या अश्रूंना मोल आहे. सौगंधिक फुलांची गोष्ट तशीच. वाऱ्यावर आलेले एक फूल द्रौपदीला आवडले, तिने आणखी मागितली. भीम गंधमादनावरची झाडे मोडीत, कुबेराच्या रक्षकांना झोडपीत ती आणायला गेला. फूल आणण्याची ही काही नाजूक रीत नव्हे, पण ती भीमाची रीत आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) द्रौपदीचा अखेरचा क्षण कल्पनेने रंगवला, तेव्हा तिच्याजवळ आणून बसवला तो भीमच. धर्मराज पुढे निघून गेले होते. विदुषीला जे दिसले ते आम्हां कथालेखकांना का दिसू नये?

परदेशातही जाणत्या लेखकांनी हेच केले आहे. जेन ऑस्टिनचा डार्सी (१८१३) पहिली मागणी इतक्या उद्धटपणे घालतो की एलिझाबेथ ती झिडकारते. पुढे तो गोडबोल्या होत नाही. तो तिच्या घराची अब्रू राहावी म्हणून पैसे मोजतो आणि ते कोणाला कळू नये अशी व्यवस्था करतो. शॉने 'पिग्मॅलिअन' लिहिले तेव्हा तर मोठीच मौज झाली. ज्यावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली, तेच हे नाटक. त्यातला प्राध्यापक उर्मट, एककल्ली आणि स्वतःवर खूश. शॉचे म्हणणे, याने त्या मुलीशी लग्न करणे शक्य नाही. पण १९१४ च्या लंडनच्या प्रयोगात प्राध्यापकाचे काम करणाऱ्या बीअरबोम ट्री या नटाने शेवटी तिच्याकडे फुले फेकायला सुरुवात केली, आणि प्रेक्षक खूश! शॉ इतका संतापला की १९१६ साली त्याने नाटकाला एक लांबलचक पुरवणी जोडली आणि मुलीचे लग्न दुसऱ्याच तरुणाशी लावून टाकले. तेव्हा दगडाला पाझर फोडण्याचा हट्ट नुसता आमचाच आहे असे नव्हे. फरक इतकाच की शॉ भांडला. आम्ही मात्र स्वतःहून फुले फेकतो.

येथे एक पोटप्रश्न आहे, तोही उरकून घेतो. कठोर पुरुष 'द्रवतो', पण कठोर बाईचे काय होते? तिला वठणीवर आणतात! शेक्सपिअरच्या त्या नाटकाचे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' केले आणि आमच्या आजोबा-पणजोबांनी त्यावर मनमुराद टाळ्या दिल्या. बाईने फटकळ असावे आणि तशीच राहून कोणाला तरी प्रिय व्हावे, ही कल्पना आमच्या पानांवर अजून बिचकत बिचकतच येते. गावाने ओवाळून टाकलेला पुरुष आणि गावाने नावे ठेवलेली बाई यांना श्री. ना. पेंडसे यांनी 'गारंबीचा बापू'मध्ये (१९५२) एकत्र उभे केले, तेव्हा दोघांपैकी कोणालाही त्यांनी गावाला आवडेल असे गुळगुळीत केले नाही. म्हणून ती जोडी लोकांच्या लक्षात राहिली.

आता किमतीकडे येतो.

माझी एक मावशी होती. तिच्या लग्नाच्या वेळी मध्यस्थाने सांगितले होते, "स्वभाव जरा तापट आहे, पण मनाने फार चांगले." हे वाक्य महाराष्ट्रात किती मांडवांत उच्चारले गेले असेल! मावशीने ते प्रमाण मानले. ती वाचणारी बाई होती. दिवाळी अंकांची वर्षभर पारायणे करायची. काकांचा आवाज, काकांचे ताट सरकवणे, काकांचे आठ-आठ दिवस न बोलणे, सारे तिने सोसले. ते वारल्यानंतर एकदा मी तिला माझी एक जुनी कथा वाचून दाखवली. तिच्यात अर्थातच शेवटी दगड पाझरत होता. मीही या पापातून सुटलेला नाही. कथा संपल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुमच्या गोष्टींत हे शेवटच्या पानावर होतं ना, म्हणून मी पानं मोजत राहिले रे. एकेचाळीस वर्षं मोजली."

तेव्हापासून मी तशी कथा लिहिली नाही.

ज्या कथेत बाईच्या सोशिकतेने पुरुषाचे काळीज वितळते, ती कथा हजारो घरांत सल्ला म्हणून वाचली जाते. 'अजून थोडं सोस, पाझर फुटेल', असा तो सल्ला. आमच्या मोठ्या लेखकांनी तो दिलेला नाही, हे ध्यानात घ्या. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) सिंधू सोसते, सोसते आणि मरते. तिच्या सोसण्याने सुधाकराचा प्याला सुटत नाही. नाटक आरडून सांगते आहे की हे औषध लागू पडत नाही. आम्ही मात्र सिंधूला आदर्श पत्नी ठरवून मोकळे झालो. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर (१९७२) केवढा गहजब झाला! परीक्षण मंडळ झाले, न्यायालय झाले. पण त्या नाटकातली एक बारीक गोष्ट मला विलक्षण वाटते. लक्ष्मी स्वयंपाकघरात मुंगळ्याशी बोलते, आणि तो शिवराळ सखाराम ते ऐकून चक्रावतो. तो तिच्यामुळे बदलतोही. पण त्याचा हात उगारायचा राहत नाही. बाई माणसात फरक पाडते आणि तरीही माणूस तोच राहतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तेंडुलकरांनी दाखवले. त्या नाटकाचा शेवट सणाच्या अंकात सांगण्यासारखा नाही. पण तो बाराव्या पानावरच्या पाझरापेक्षा प्रामाणिक आहे.

याच्या उलट टोकाची एक तऱ्हा हल्ली फोफावली आहे, तिलाही दोन शब्द. तीत नायक पाझरत नाही. उलट त्याचा आडदांडपणा हेच त्याचे प्रेम असे सांगितले जाते. तो तिचा हात पिरगाळतो, तिची वाट अडवतो, आणि लेखक खालून डोळा मारतो की पाहा किती प्रेम आहे! एमिली ब्राँटीने १८४७ सालीच याला उत्तर देऊन ठेवले आहे. तिच्या हीथक्लिफला एक भोळी मुलगी प्रेमकथेतला नायक समजून त्याच्याशी पळून जाते, आणि त्या समजुतीबद्दल तिची कुचेष्टा खुद्द हीथक्लिफच करतो. माझा बेलीफ कठोर होता, पण त्याचा कठोरपणा सगळ्यात आधी त्याला स्वतःलाच लागू होता. उंबरठ्याबाहेर थांबणारा कठोर माणूस आणि उंबरठा तुडवणारा कठोर माणूस यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने या विषयाला हात घालू नये.

शेवटचा आक्षेप सणाचा. "दिवाळीत लोकांना गोड हवे असते हो!" असे मला दरवर्षी ऐकवले जाते. मान्य. पण आपल्या फराळाच्या ताटात नुसते लाडू असतात काय? चकली असते, कडबोळे असते. चकलीचे मोठेपण कशात असते ते कोणत्याही गृहिणीला विचारा. ती कडक असावी लागते आणि दाताखाली खुसखुशीत मोडावी लागते. ही खुसखुस मोहनाने येते, आणि मोहन घालायचे ते भाजणी भिजवताना. तळून झाल्यावर वरून तूप ओतून ते काम होत नाही. कठोर माणसाच्या कथेचेही तसेच आहे. प्रेमाची शक्यता पहिल्या पानावरच, त्याच्या कठोरपणात कालवलेली असली पाहिजे. ती शेवटच्या पानावर वरून ओतली, की चकली सादळते.

ती बेलिफाची कथा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ज्या संपादकांना ती हवी असेल त्यांनी मागवावी. अट एकच: तिच्यात पाण्याचा एक थेंबही वाढवून मिळणार नाही.